गाणं आवडलं की आधी नावं वाचा: अनोळखी कलाकार आणि म्युझिक व्हिडिओ शोधायची पद्धत

"काहीतरी नवीन ऐकायला सांग ना" असं मला ऑफिसात, नात्यात, बिल्डिंगमध्ये सगळेच विचारतात. मी चार लिंका पाठवते, लोक ऐकतात, मस्त आहे म्हणतात आणि पुढच्या महिन्यात परत तेच विचारतात. म्हणून यावेळी लिंकांची यादी न देता शोधायचं कसं तेच लिहितेय, म्हणजे पद्धत एकदा हातात बसली की कोणाला विचारायची गरजच पडणार नाही. मी ऐरोलीची, त्यामुळे उदाहरणं बरीचशी ठाणे-नवी मुंबईची येतील, पण पद्धत कुठूनही वापरता येते, नेट आणि हेडफोन एवढंच लागतं.

गाभा आधीच सांगून टाकते. गाणी शोधू नका, माणसं शोधा. गाणं ऐकलं की संपलं, पण ते वाजवणाऱ्या, रेकॉर्ड करणाऱ्या, शूट करणाऱ्या माणसाचं नाव मिळालं की त्या नावामागे त्याची अजून तीस कामं असतात आणि त्या प्रत्येक कामात अजून पाच नवीन नावं. खालचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

ॲप आपल्याला खरंच नवीन का देत नाही

यूट्यूब आणि स्पॉटिफाय मी रोज वापरते, त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त ती सुचवतात कशी हे माहीत पाहिजे. ढोबळ हिशोब असा की ज्यांनी हे ऐकलं त्यांनी ते पण ऐकलं, म्हणून तुम्हालाही दाखवूया. आता जिला सगळ्या जगात मिळून दोनशेच लोक ऐकतात अशा गायिकेबद्दल मशीनकडे जोडायला माहितीच नसते, मग ती कोणाला दाखवली जात नाही, दाखवली जात नाही म्हणून ऐकली जात नाही, आणि ऐकली जात नाही म्हणून परत दाखवली जात नाही. स्पॉटिफायने तर 2024 पासून नियमच केलाय की मागच्या 12 महिन्यांत किमान 1000 वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याची रॉयल्टी मिळणार नाही. दर सोमवारी बदलणारी डिस्कव्हर वीकली यादी आहे 2015 पासून, ती ऐका जरूर, पण ती तुमच्या आधीच्या आवडीच्या आसपासच फिरते. त्याच्या बाहेर जायचं तर पाय आपले आपणच उचलावे लागतात.

थोडी तयारी

दोनच गोष्टी करा. यूट्यूबवर एकाच गुगल अकाउंटखाली दुसरं चॅनल उघडता येतं, त्याची हिस्टरी आणि सुचवण्या वेगळ्या राहतात. ते फक्त शोधाशोधीसाठी ठेवा, म्हणजे रेसिपी, सिरियलचे प्रोमो आणि मुलांची बालगीतं त्यात मिसळणार नाहीत. आणि फोनमध्ये एक नोट उघडा, "नावं" असं लिहून. त्यात गाण्याचं नाव नाही लिहायचं, माणसाचं लिहायचं, आणि पुढे कंसात ते कुठे सापडलं ते. ही नोट म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं भांडवल, ती भरत गेली नाही तर महिन्याभरात सगळं विसरायला होतं.

पायरी 1: आवडत्या गाण्याची क्रेडिट्स वाचा

अनोळखी कशापासून सुरुवात करू नका, जे गाणं पाठ आहे तेच घ्या. यूट्यूबवर व्हिडिओखालचं डिस्क्रिप्शन पूर्ण उघडा, तिथे बऱ्याचदा संगीतकार, गीतकार, ढोलकी कोण, बासरी कोण, मिक्सिंग कोणी केलं, कॅमेरा कोणाचा असं सगळं असतं आणि आपण ते कधीच वाचत नाही. काही ऑडिओ व्हिडिओ यूट्यूब आपोआप बनवतं, नुसतं कव्हर दिसतं आणि चॅनलच्या नावात "टॉपिक" असतं, त्यांच्या डिस्क्रिप्शनमध्ये लेबलचं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचं, नाव आणि वर्ष हमखास मिळतं. स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन ठिपक्यांत क्रेडिट्सचा पर्याय आहे. जुन्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्ज नावाची वेबसाइट बघा, 2000 साली सुरू झाली, लोकांनीच भरलेली माहिती आहे आणि तिथे कव्हरच्या मागच्या बाजूचे फोटोसुद्धा असतात.

आता वादकाचं नाव उचला, गायकाचं नको. गायक आपल्याला आधीच माहीत असतो. संबळ, क्लॅरिनेट, बेस गिटार वाजवणारा माणूस मात्र सिनेमाच्या गाण्यातही असतो, भक्तिगीतातही असतो आणि एखाद्या तीन पोरांच्या बँडमध्ये पण असतो. त्याचं नाव अवतरण चिन्हात टाकून सर्च करा. बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं छोटं चॅनल निघतं जिथे तो मित्रांबरोबर काहीतरी भलतंच सुंदर वाजवत बसलेला असतो.

असं केल्याने काय हाती लागू शकतं त्याचं एक मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. 1982 मध्ये एचएमव्हीने त्यांची एक रेकॉर्ड काढली, दहा राग सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर, डिस्कोच्या ठेक्यात. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. पुढे 2010 मध्ये ती परदेशात परत निघाली आणि ऐकणारे थक्क झाले, कारण नंतर शिकागोत ज्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताला ॲसिड हाऊस म्हणायला लागले तसाच आवाज, तीच जपानी मशीनं, आणि हे त्याच्या काही वर्षं आधीचं. 2015 ला ते गेले, पण त्याआधी युरोपात स्टेजवर वाजवून आले. अठ्ठावीस वर्षं ती रेकॉर्ड कुठल्यातरी कपाटांत पडून होती आणि कव्हरवर त्यांचं नाव होतं म्हणून ते सापडू शकले.

पायरी 2: सर्चमध्ये प्रकार टाकू नका, वाद्य आणि गाव टाका

"बेस्ट इंडी साँग्ज" असं टाकलं की सगळ्यांना मिळतं तेच तुम्हाला मिळणार. त्याऐवजी वाद्याचं नाव, गायनप्रकाराचं नाव आणि जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं नाव टाका. तारपा जव्हार. भारूड पैठण. गोंधळ आणि तुमचं गाव. तारपा म्हणजे वारली लोकांचं वाळवलेल्या दुधीभोपळ्याचं फुंकवाद्य, पालघर इथून लांब नाही, तरी ठाण्यात जन्म गेलेल्या कितीतरी जणांनी त्याचा आवाज नीट ऐकलेला नसतो, चित्रात तेवढा पाहिलेला असतो.

दुसरं म्हणजे तेच शब्द देवनागरीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत एकदा टाका, रिझल्ट खूप वेगळे येतात. गावाकडचा मुलगा मोबाइलवर अपलोड करताना इंग्रजी अक्षरात आणि त्याला जमेल त्या स्पेलिंगने टाकतो, म्हणून दोन-तीन स्पेलिंग करून बघा. कन्नड, तामिळ, मणिपुरी काही शोधायचं असेल तर ट्रान्सलेट ॲपमधून त्या लिपीतला शब्द कॉपी करून टाका.

तिसरी युक्ती वर्षाची. सर्चमधल्या शब्दांपुढे इंग्रजीत बिफोर लिहून कोलन आणि वर्ष जोडायचं, मध्ये जागा सोडायची नाही, म्हणजे त्या वर्षाआधी अपलोड झालेलंच येतं. 2010 च्या आधीचे अपलोड एकदा बघाच, तेव्हा लोक घरातल्या कॅसेटी आणि दूरदर्शनवरून टेप केलेले कार्यक्रम निव्वळ प्रेमाने टाकायचे. तसंच आफ्टर टाकून अगदी ताजं बघता येतं. आणि व्ह्यूजकडे बघून सोडू नका. नव्वद व्ह्यूजच्या व्हिडिओत पहिले दोन मिनिटं आवाज खराब असला तरी थांबा, गाणारा चांगला आहे की नाही ते खराब माइकमधूनही कळतं.

पायरी 3: एका खोलीत, एका टेकमध्ये गाणारे

नवख्या माणसाला सगळ्यात लवकर फळ देणारी पायरी ही. काही चॅनल्स अशी आहेत जी कलाकाराला बोलावतात, समोर बसवतात आणि लाइव्ह वाजवून घेतात. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओचं टायनी डेस्क 2008 पासून चालू आहे, ऑफिसातल्या टेबलामागे उभं राहून गायचं. सिएटलचं केईएक्सपी रेडिओ स्टेशन जगभरच्या बँडना स्टुडिओत बोलावतं. बर्लिनचं कलर्स, मागे एकच रंग आणि पुढे एक माइक. पाकिस्तानचं कोक स्टुडिओ 2008 पासूनचं, ते आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलंय, पण त्याचे सुरुवातीचे सीझन आणि त्यातले मागे बसलेले वादक परत बघा. केरळच्या कप्पा टीव्हीचं म्युझिक मोजो मला फार आवडतं, मल्याळम येत नसलं तरी काही अडत नाही. शास्त्रीयसाठी इंग्लंडच्या दरबार फेस्टिव्हलचं चॅनल, कॅमेरा इतका जवळ असतो की तबलजीची बोटं मोजून घ्या. लोकसंगीतासाठी दिल्लीचं अनहद फाउंडेशन, हे लोक रेकॉर्डिंगचं सामान पाठीवर टाकून कलाकाराच्या गावात जातात आणि तिथेच रेकॉर्ड करतात.

वापरायचं कसं तेही सांगते. चॅनल उघडून ओळखीचं नाव शोधू नका. खाली स्क्रोल करत एकदम जुन्या व्हिडिओंकडे जा, ज्याचं नाव वाचताच येत नाही तो उघडा, अर्धं ऐका, आवडलं तर त्या कलाकाराच्या स्वतःच्या चॅनलवर जा. शेवटचा टप्पा लोक गाळतात. टायनी डेस्कचा व्हिडिओ बघून तिथेच पुढचा लावतात, मग कलाकार लक्षातच राहत नाही, कार्यक्रम तेवढा राहतो.

पायरी 4: लेबल पकडा

एखाद्या छोट्या लेबलची आवड तुमच्याशी जुळली तर एका दमात वीस कलाकार मिळतात. दिल्लीचं अमरस रेकॉर्ड्स घ्या, राजस्थानातले मांगणियार लोककलाकार, त्यात सिंधी सारंगी वाजवणारे लाखा खान, ज्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर कर्कलीचं सहेल साउंड्स घ्या. सहाराच्या वाळवंटात लोक एकमेकांच्या मोबाइलमधून मेमरी कार्डवर गाणी घ्यायचे, आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या दुकानात कार्ड भरून मिळायचं अगदी तसंच, आणि या माणसाने त्या कार्डांवरची गाणी गोळा करून गायकांना शोधून काढलं. नायजरचा एमडू मोक्तार त्यातूनच जगापुढे आला, पहिली गिटार त्याने स्वतः बनवली होती, सायकलच्या तारा लावून. तिसरं ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका, ज्याने इथिओपियाच्या हायलू मर्गियाची 1985 ची कॅसेट परत काढली. हायलू तेव्हा वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होते, परत काढल्यावर ते पुन्हा स्टेजवर गेले.

ही लेबलं बँडकॅम्पवर मिळतात. बँडकॅम्प 2008 पासूनची साइट, बरंचसं फुकट ऐकता येतं आणि आवडलं तर विकत घ्यायचं, डिजिटल विक्रीत साइट 15 टक्के घेते, वरचं पैसे-पोचवणाऱ्याचं कमिशन गेलं की बाकी कलाकाराचं. तिथली सर्वात कामाची जागा बहुतेकांना दिसतच नाही. अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो असतात, त्यावर क्लिक केलं की त्या माणसाने अजून काय काय घेतलंय ते पूर्ण कपाट उघडतं. पैसे मोजून घेतलेलं असतं म्हणजे आवडीनेच घेतलेलं. मी एखादा अनोळखी अल्बम आवडला की त्याच्या तीन-चार खरेदीदारांची कपाटं चाळते, आणि मशीनने कधीच न दाखवलेलं असं काहीतरी तिथे हमखास हाती लागतं.

प्रकारांबद्दल थोडंसं, जिथून आत शिरायचं त्या दारांपुरतं

रॅप म्हटलं की सगळे दोनच नावं घेतात. मुंबईचं स्वदेसी ऐका, अनेक भाषांत गाणारा गट आहे, त्यातला एमसी मवाली मराठीत गातो, आणि 2019 मध्ये त्यांनी आरेतल्या आदिवासी पाड्यांच्या प्रश्नावर तिथल्याच प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन गाणं केलं होतं. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच ऐका, वऱ्हाडी ठेक्यात रॅप काय बसतं बघा. तिथून चेन्नईचं कास्टलेस कलेक्टिव्ह, 2017 मध्ये सुरू झालेला गट, गाना नावाचं तिथल्या वस्त्यांतलं गाणं आणि रॅप एकत्र. आणि याच रांगेत मी कडुबाई खरात यांना बसवते, एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या, यूट्यूबमुळे घराघरात पोचलेल्या. बीट नाही, बेस नाही, पण शब्द फेकायची ताकद तीच.

मेटल, म्हणजे कर्कश गिटार आणि जोरदार ड्रमचं रॉक, ऐकत नसाल तर घाबरू नका, मुंबईत या संगीताची जुनी परंपरा आहे, डिमॉनिक रेझरेक्शन आणि भयानक मौत हे इथलेच बँड. पहिल्यांदा शब्द कळणारच नाहीत, ड्रमर काय करतोय तेवढंच ऐका. ईशान्येकडे जायचं तर शिलाँगचं सोलमेट ब्लूजसाठी, नागालँडच्या टेत्सेओ सिस्टर्स पारंपरिक गाण्यांसाठी, मणिपूरचे रूबेन माशांगवा तर तांगखुल नागा लोकगीतं आणि ब्लूज एकत्र करतात. अभंगावर गिटार चालेल का असा प्रश्न असेल तर अभंग रिपोस्ट हा बँड ऐका आणि मग स्वतः ठरवा. रेडिओ गार्डन नावाचं एक ॲप पण ठेवा फोनमध्ये, पृथ्वीचा गोळा फिरवायचा आणि कुठल्याही शहरावर थांबून तिथलं रेडिओ स्टेशन लाइव्ह ऐकायचं, ठाणे-वाशी प्रवासात एक देश आरामात होतो.

पायरी 5: दाराबाहेरचं संगीत

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, म्हणून इथे जरा जास्त लिहिणार.

ठाणे आणि नवी मुंबई मूळची आगरी-कोळ्यांची. चेंदणी कोळीवाडा, बाळकुम, खारीगाव, घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, टॉवरांच्या मधे ही गावठाणं अजून आहेत. आगरी-कोळी गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर एवढे आहेत की वर्षभर पुरतील, त्यातल्या काहींना प्रचंड व्ह्यूज आहेत, पण शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या माणसाला त्यातलं एक नाव सांगता येत नाही. म्हणजे अनोळखी कोणासाठी हा पण प्रश्नच आहे. हळदीच्या दिवशी तुमच्या खिडकीतून जे गाणं येतं त्याच्यावर फोनवरचं गाणं ओळखणारं ॲप धरा, नाव निघालं की चॅनल उघडा, आणि मग गायक, कोरस, बेंजो, ढोलकी सगळ्यांची नावं नोटमध्ये. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, बुलबुलतरंगच्या जातीचं, बेंजो पार्टी हा आपल्याकडचा अस्सल प्रकार, आणि त्यातले वादक इतके तयारीचे असतात की हिंदी गाण्यातल्या गायकाच्या हरकतीसुद्धा तारेवर काढतात. गणपतीच्या मिरवणुकीतले त्यांचे व्हिडिओ लोक टाकतात, पार्टीचं नाव बॅनरवर किंवा टीशर्टवर असतं, ते वाचा.

त्याच्याही आत गेलात तर धवला मिळेल. आगरी लग्नात धवले गाणारी बाई म्हणजे धवलारीण, पूर्वी लग्न लावायचा मानच तिचा, विधी एकेक करत ती गाण्यातून पुढे नेते. वाद्य नाही, माइक नाही, लांबच लांब ओळी आणि मागून बायकांची साथ. आता फार थोड्या जणी उरल्यात. यूट्यूबवर धवला टाकून बघा, जे काही मिळेल ते पूर्ण ऐका, पहिल्यांदा एकसुरी वाटेल पण दहा मिनिटांनी कान लागतो.

धवल्याच्या बरोबरीने जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन बायकांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. 2017 पासून पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या वेबसाइटवर त्यातल्या ओव्या ऑडिओ आणि व्हिडिओसकट येतायत, मराठीत वाचताही येतात. आणि प्रत्येकीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका लिहिलेलं असतं. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण दळताना गाणाऱ्या बाईचं नाव लिहून ठेवावं असं त्याआधी फार कमी लोकांना वाटलं होतं.

प्रत्यक्ष ऐकायला जायचं तर ठाण्यात गडकरी रंगायतन, घोडबंदर बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, घंटाळीचं सहयोग मंदिर, वाशीला विष्णुदास भावे. बाहेरचा बोर्ड वाचायची सवय लावा, कितीतरी कार्यक्रमांची जाहिरात त्या बोर्डापलीकडे जातच नाही. ठाणे महापालिकेचा पं. राम मराठे संगीत समारोह असतो, तिथे मोठ्या नावाच्या आधी जो तरुण गाणारा असतो त्याच्यासाठी वेळेवर जा. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शनांच्या वेळी लोककलाकार येतात. वाशी स्टेशनच्या जवळ केरळ, आसाम, ओडिशा अशा राज्यांची भवनं आहेत, आणि नवी मुंबईत त्या त्या राज्यांची मंडळं आहेत, बिहू, ओणम, दुर्गापूजेच्या दिवसांत त्यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. भाषा येत नाही म्हणून कोणी हाकलत नाही.

मोठा कॉन्सर्ट असला तरी एक गोष्ट करा, आधी कोण वाजवणार ते बघा. जानेवारी 2025 ला नेरुळच्या डीवाय पाटील स्टेडियमला कोल्डप्ले आलं तेव्हा आधी एलियाना गायली, पॅलेस्टिनी-चिली वंशाची, अरबीत गाणारी. बरेच जण तेव्हा गेटवर रांगेत किंवा हार्बर लाइनमध्ये होते. फेस्टिव्हलच्या पोस्टरचंही तसंच, वरची मोठी अक्षरं सोडा आणि तळाच्या बारीक ओळी वाचा. पुण्यात 2010 मध्ये सुरू झालेलं एनएच7 वीकेंडर, अरुणाचलमधलं 2012 पासूनचं झिरो फेस्टिव्हल, यांची जुनी पोस्टरं इमेज सर्चमध्ये मिळतात, तिकीट न काढता घरबसल्या दहा वर्षांचे बँड हाताशी.

पायरी 6: व्हिडिओ हा व्हिडिओ म्हणून बघा

म्युझिक व्हिडिओ शोधताना गायकाच्या मागे न लागता दिग्दर्शकाच्या मागे लागा. नव्वदच्या दशकात इंडीपॉपच्या, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांच्या, वेळी युफोरिया हा बँड आणि शुभा मुद्गल यांचे गाजलेले व्हिडिओ प्रदीप सरकार यांनी केले, 2005 ला त्यांचा पहिला हिंदी सिनेमा आला, त्याची नायिका विद्या बालन त्याआधी त्यांच्याच युफोरियाच्या व्हिडिओत दिसली होती. फ्रान्सचा सिनेदिग्दर्शक मिशेल गोंद्री पण आधी व्हिडिओच करत होता. आज जो पोरगा कळव्यातल्या रॅपरचा व्हिडिओ गच्चीवर शूट करतोय त्याचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये सगळ्यात खाली असतं, ते घ्या आणि त्याच्या इन्स्टाग्रामवर बाकीची कामं बघा. परदेशी व्हिडिओंसाठी आयएमव्हीडीबी नावाची साइट आहे, दिग्दर्शक, कॅमेरामन, एडिटर, सगळ्यांच्या नावाने शोधता येतं.

आवडलेला व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा, मग एकदा डोळे मिटून ऐका. कुठल्या बाजूने मजा येत होती ते कळतं आणि पुढे कोणाला शोधायचं, वादकाला की कॅमेरामनला, ते आपोआप ठरतं. पैसा कमी असलेले व्हिडिओ जास्त बघा असं मी सांगेन, एकच लोकेशन, एकच शॉट, घरातले कपडे, अशा वेळी डोकं लढवावं लागतं आणि ते पडद्यावर दिसतं.

खोटे कलाकार ओळखायला शिका

हे आता शिकावंच लागणार. एआयने बनवलेली गाणी सगळीकडे आलीत, रात्रभर वाजणारे लोफाय (संथ, मंद बीटवरचे) अभंग, पावसाच्या आवाजातली गझल वगैरे. 2025 मध्ये वेल्व्हेट सनडाउन नावाच्या बँडला स्पॉटिफायवर दहा लाखांवर श्रोते झाले आणि मग कळलं की बँडच नाही, संगीतही एआयचं आणि फोटोही. तपासायची रीत सोपी: क्रेडिट्समध्ये माणसांची नावं आहेत का, कुठे एखादा तरी लाइव्ह व्हिडिओ आहे का, दर आठवड्याला अल्बम पडतोय का. एकही नाव सापडलं नाही तर मी पुढे जाते, जिथे माणूस वाजवतोय तिथे द्यायला वेळ कमी पडतो.

सापडल्यावर काय करायचं

व्हिडिओची मूळ लिंक पाठवा, कापलेली व्हॉट्सॲप क्लिप नको, क्लिपमधून नाव गायब होतं. खाली दोन ओळींची कमेंट लिहा, नेमकं काय आवडलं ते, छोट्या कलाकारासाठी ती फार मोठी गोष्ट असते आणि बऱ्याचदा उत्तर पण येतं. विकत घेता येत असेल तर घ्या. लोककलाकारांच्या बाबतीत अपलोड करणारा आणि गाणारा वेगळे असतात, म्हणून गाणाऱ्याचं स्वतःचं किंवा घरच्यांचं चॅनल आहे का ते आधी शोधा आणि तिथे सबस्क्राइब करा.

आणि तुमच्या घरात, सोसायटीत, गावात कोणी गात असेल, आजी ओव्या म्हणत असेल, वॉचमनकाका त्यांच्या गावाकडचं बिरहा गात असतील, तर त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच रेकॉर्ड करा. पंखा बंद करा, खिडकी लावा, फोन विमान मोडवर टाकून तोंडापासून हातभर लांब उशीवर ठेवा आणि मध्ये बोलू नका. नेटवर टाकायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या, रेकॉर्डिंगला हो म्हणाले म्हणजे अपलोडला हो असं नाही. टाकताना टायटलमध्ये "आजीचं सुंदर गाणं" असं लिहू नका. गाणाऱ्याचं नाव, गाव, तालुका, गाण्याचा प्रकार, वाद्य असेल तर वाद्य आणि वर्ष, हे सगळं देवनागरीत लिहा आणि डिस्क्रिप्शनमध्ये तेच इंग्रजी अक्षरांत परत लिहा, म्हणजे कोणीतरी कुठेतरी बसून वाद्य आणि गाव टाकून शोधत असेल तर त्याला ते मिळेल.